करडीचं तेल, पॉलिश पेपर आणि जड ट्रिगर

लातूर-नांदेडपासून बीडपर्यंत शस्त्र परवानाधारकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. त्याचं सांगणं थोडक्यात असं: जुन्या लिव्हर ॲक्शन (ट्रिगरखालचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायच्या) रायफलचा ट्रिगर जड लागत असेल तर घरीच हॅमर (गोळी उडवणारा ठोका देणारा घण) स्प्रिंगचे दोन वेढे कापा, सीअरवर (चढवलेला हॅमर अडवून धरणारा ट्रिगरचा भाग) पॉलिश पेपर मारा, लिव्हर पूर्ण दाबल्याशिवाय ट्रिगर अडवणारी ‘फालतू’ खीळ काढून टाका आणि वरून करडीचं तेल सोडा. ट्रिगर जितका हलका तितका नेम पक्का, आणि परवाना आहे म्हटल्यावर विचारणारं कोण? यातलं एकही वाक्य जसंच्या तसं पाळू नये.

आधी तेलाचं बघू, कारण ट्रिगर जड होण्याचं मूळ पुष्कळदा तिथंच सापडतं. करडीचं तेल भाकरीवरच्या चटणीला उत्तम, पण ते हवेत सुकणारं तेल आहे. आपल्याकडच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून ते रंग-व्हार्निशमध्येही वापरतात. पातळ थर हवेतला ऑक्सिजन शोषून चिकट होतो, मग पिवळट पापुद्रा धरतो. त्यात काळ्या रानातली धूळ आणि ४२ अंशांचा उन्हाळा, म्हणजे ट्रिगरच्या पिनेभोवती राळच जमते. खोबरेलही नको: ते २४ अंशांच्या आसपास गोठतं आणि मराठवाड्यात डिसेंबरची पहाट त्याहून बरीच थंड असते.

म्हणून पहिलं काम सफाई. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. लिव्हर उघडून चेंबर डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या साठ्यात) एखादं काडतूस अडकून राहू शकतं, तेव्हा आतला ढकल्या तोंडाशी आलेला दिसला पाहिजे. मग हुकाचा डिजिटल काटा ट्रिगरच्या वळणाच्या मध्यावर लावून नळीला समांतर, सावकाश ओढा. हॅमर पडताना दर वेळी अंगठ्यानं धरा. पाच वेळा मोजून सरासरी लिहून ठेवा. अशा रायफलींवर सव्वादोन ते सव्वातीन किलो भरलं तर ते नवल नाही. आता टँगचा (दस्त्यात शिरणाऱ्या मागच्या पट्टीचा) स्क्रू नेमक्या मापाच्या पेचकसानं काढून दस्ता वेगळा करा. सुकलेलं तेल टर्पेंटाइनला दाद देत नाही. मोटारसायकलच्या दुकानातला कार्बोरेटर क्लीनर आणि जुना टूथब्रश लागतो. तो लाकडाच्या पॉलिशवर आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. वाळल्यावर पिनांना पातळ बंदूक-तेलाचा एकेक थेंब, सीअरच्या टोकाला ग्रीसचा नुसता हात, आणि पुन्हा मोजा. नुसत्या एवढ्यानं आकडा उतरला तर पुढचं काहीच करायचं नाही.

वेढे कापल्यानं ट्रिगर थोडा हलका होतो, हे खरं. हॅमरचा दाब कमी झाला की सीअरवरचं घर्षण कमी होतं. पण तोच दाब फायरिंग पिनमागं असतो. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातली, दारू पेटवणारी टोपी) उथळ ठोका बसतो आणि गोळी उडत नाही, किंवा क्षणभर थांबून उडते. हे दुसरं जास्त वाईट. (‘टक्’ होऊन गोळी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद लिव्हर उघडू नये.) शिवाय कापलेली स्प्रिंग आखूड होते तशी तिचा कडकपणा वाढतो, आणि कापलेलं टोक सपाट नसल्यानं ती दांड्यावर तिरकी घासते. विंचेस्टर ९४ च्या बाजूनं रिकामं काडतूस फेकणाऱ्या मॉडेलांत हॅमर मागं उसळवण्याचं कामही त्याच स्प्रिंगवर असतं, तिथं तर कात्री लावूच नये. स्प्रिंग बदलायचीच तर पूर्ण लांबीची, कमी ताणाची घ्यावी. १९६४ पूर्वीच्या ९४ मध्ये पट्टीची स्प्रिंग आणि तिचा ताण धरणारा स्क्रू असतो. तो सैल सोडला तरी परिणाम उथळ ठोक्याचाच.

पॉलिश पेपर हा या मजकुरातला सर्वात धोक्याचा सल्ला. सीअर आणि हॅमरची खाच यांचा कडकपणा बहुधा वरच्या पातळ थरापुरता असतो. तो घासला गेला की खालचं मऊ लोखंड उघडं पडतं आणि थोड्या दिवसांत झिजतं. बोटामागं धरलेला कागद कडा गोल करतो, आणि सगळा भार त्याच कडेवर असतो. खाचेचा कोन किंचित जरी उलटा झाला तरी हॅमर स्वतःच सीअरला बाहेर ढकलतो. पकड उथळ झाली तर हॅमर पडताना सीअरचं टोक अर्ध्या खाचेवर (हॅमर अर्धवट मागं धरणारी सुरक्षेची खाच) आपटून तुटतं; मग लोक तीही खाच घासतात, म्हणजे उरलीसुरली सुरक्षाही गेली. हे काम साच्यात पकडून, कडक बारीक दगडानं, कोन न बदलता करायचं असतं.

खिळीचं सांगायचं तर मार्लिन ३३६ आणि विंचेस्टर ९४ मध्ये लिव्हर टँगला पूर्ण भिडल्याशिवाय ट्रिगर सुटत नाही, तो अडसर मुद्दाम ठेवलेला आहे. तिथं माती साचली किंवा पावसाळ्यात दस्ता फुगून लिव्हर अडली तर ट्रिगर जड वाटतो. अडथळा काढा, अडसर नव्हे.

हलका म्हणजे अचूक, हेही अर्धवट. नेम बिघडवते ती खरखर आणि सुटण्याआधीची लांब ओढ. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलच्या स्पर्धेतही ट्रिगर १५०० ग्रॅमच्या खाली चालत नाही. उघड्या हॅमरच्या रायफलीत तर चढवलेला हॅमर अंगठ्यानं धरून, ट्रिगर दाबूनच उतरवावा लागतो. घामेजल्या हातांनी ते करताना अतिहलका ट्रिगर नकोच, १.६ ते २ किलो पुरे.

राहिला परवाना. तो शस्त्र बाळगण्याचा असतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्ती आणि फेरफाराला वेगळा परवाना लागतो, आणि २०१९ च्या सुधारणेनंतर त्याच्या उल्लंघनाला कलम २५ खाली किमान ७ वर्षांची कैद आहे. सफाईच्या पलीकडचं काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे पावती घेऊन द्यावं. ‘हलका करा’ म्हणू नका, आकडा सांगा. रायफल परत घेताना, रिकामीच, त्याच्यासमोर तपासा: हॅमर चढवून अंगठ्यानं पुढं रेटा, लिव्हर दहा वेळा जोरात बंद करा, दस्ता रबरी चटईवर आपटा, अर्ध्या खाचेवर ठेवून ट्रिगर जोरात ओढा. यात हॅमर एकदाही सुटला तर रायफल तिथंच ठेवून या.