गुपचूप सटकायचं कशासाठी?

थोरलीच्या वेळी हेच झालं, आता धाकट्याच्या वेळीही तेच! 15 जून, शाळेचा पहिला दिवस, बाहेर पाऊस, फाटकाशी छत्र्यांची गर्दी आणि बाई माझ्या कानात सांगतायत, "तो खेळण्यात रमला की गुपचूप निघा. मागे वळून बघू नका."

का म्हणून? 3 वर्षांचं पोर आहे ते! "येते हं" म्हटलं की रडेल, कबूल. पण मान वळवली आणि आई गायबच, हे जास्त भयंकर नाही का? थोरलीला मी असंच फसवून सोडलं होतं. पुढे दोन महिने मी आंघोळीला गेले तरी ती बाहेर बसून कडी वाजवायची.

2020 च्या शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा म्हटलाय, खेळत शिकायचा. मग पहिला आठवडा तास-दीड तासच शाळा ठेवून आईबापांना वर्गात कोपऱ्यात बसू द्यायला काय जातं हो?

वर सल्ले आहेतच. "रडू दे, दोन दिवसांत गप्प होईल." अहो, गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे! आणि "मुलगा असून रडतोस?" हे तर डोक्यातच जातं.

या वेळी मी नाही ऐकलं. खाली बसले, ओल्या रेनकोटची बटणं काढली, सांगितलं, डबा खाल्लास की आई फाटकाशी. माझी ओढणी त्याच्या मुठीत होती. ती सुटेपर्यंत हलले नाही.

तर मागून आवाज, "चला आता, तुमच्यामुळे बाकीची रडतायत!"