‘आरए मर्यादेत, म्हणजे पत्रा निर्दोष’: हा समज का टिकत नाही

चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमधील, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनवणाऱ्या, मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरत आहे. त्याचा आशय असा: पत्र्याचा आरए, म्हणजे खडबडीतपणाची सरासरी, ड्रॉइंगवरील मर्यादेत आला की पृष्ठभाग निर्दोष समजावा, किरकोळ काही उरलेच तर ते रंगाखाली झाकले जाते, स्टोनिंगचा, म्हणजे दाबलेल्या भागावर सपाट दगड घासून दोष शोधण्याचा, अंदाजपंचे प्रकार बंद करावा, आणि पत्र्याची गुंडाळी (कॉइल) आल्यावर एकदा तपासले की पुरे.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. मध्यरेषेपासून वर-खाली होणाऱ्या विचलनांची, चिन्ह सोडून काढलेली सरासरी म्हणजे आरए. चिन्हच सोडल्यामुळे टोकदार शिखरांचा पत्रा आणि सपाट पठारावर बारीक खळगे असलेला पत्रा यांचा आरए सारखाच येऊ शकतो, जरी प्रेसखाली तेल धरून ठेवण्यात दोघांची वागणूक वेगळी असली तरी. याहून मोठी अडचण कट-ऑफची, म्हणजे ज्याहून लांब लाटा यंत्र मोजणीतून वगळते त्या मर्यादेची, आहे. हातात धरायचा रफनेस टेस्टर बहुधा 0.8 मिलिमीटर कट-ऑफवर लावलेला असतो आणि एका मापनात तो जेमतेम 4 मिलिमीटर लांबीचा विचार करतो. दरवाजाच्या पॅनेलवर हँडलच्या खोलगटीभोवती येणारा ‘लो’, म्हणजे उथळ दबलेला भाग, मात्र काही सेंटिमीटर पसरलेला आणि काही दशक मायक्रोमीटर खोल असतो. 20 मिलिमीटर तरंगलांबीचा चढउतार 0.8 च्या गाऊसियन फिल्टरनंतर (लांब लाटा वगळणाऱ्या यंत्रातील गणिती गाळणीनंतर) हजारात सुमारे एक भाग इतकाच उरतो. पत्र्यासाठीच्या ईएन 10049 या युरोपीय मानकाप्रमाणे कट-ऑफ 2.5 केला तरी शंभरात एक. यंत्र बिघडलेले नसते. तो दोष ते नियमानुसार गाळून टाकते. ओरखड्यांबाबत तर आयएसओ 4288 या 1996 च्या मानकातच स्पष्ट म्हटले होते की असे दोष खडबडीतपणाच्या तपासणीत धरू नयेत.

रंग दोष झाकतो हे अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते चटकन पटते. ओला थर पृष्ठताणामुळे सपाट होत जातो, परंतु त्याला लागणारा वेळ तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची खरखर जितक्या वेळात बुजेल, त्याच्या दहा हजार पट वेळ त्याच थरातील 5 मिलिमीटरच्या लाटेला लागेल, आणि तेवढा वेळ पेंट शॉपमध्ये कोणाकडेच नसतो. उलट वरच्या चकचकीत क्लिअर कोटमुळे (पारदर्शक थरामुळे), विशेषतः काळ्या बॉनेटवर, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वाकडे होऊन तीच लाट उठून दिसते. जर्मन पोलाद उद्योगाच्या एसईपी 1941 मध्ये 1 ते 5 मिलिमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातील लाटांचा चढउतार वेगळा मोजण्याची पद्धत दिली आहे, ती याचसाठी.

स्टोनिंगला अंदाजपंचे म्हणणाऱ्याने दगड कधी हातात धरला असेल असे वाटत नाही. सपाट ऑइल स्टोन खोलगट भागावरून पुलासारखा जातो, त्यामुळे उंच जागा घासल्या जातात आणि ‘लो’ तसाच राहून डोळ्यांना दिसतो. खोली किती हे त्यावरून कळत नाही आणि हाताहातांत फरक पडतो, एवढा आक्षेप रास्त आहे. पण तो गेज किंवा स्कॅनर जोडीला घेण्याचे कारण आहे, दगड फेकून देण्याचे नव्हे.

कॉइल आल्यावर एकदाच तपासण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. साधा स्किन-पास (शेवटी रोलमधून हलका दाब दिलेला) पत्रा महिनोन्महिने पडून राहिला, त्यातही वैशाखात तापलेल्या शेडखाली, की त्यातील कार्बन-नायट्रोजनमुळे एजिंग होते, म्हणजे काळानुसार पत्र्याचे गुणधर्म बदलतात, आणि दाबल्यावर ताणरेषा उमटतात. जाड कणांचा पत्रा ताणल्यावरच संत्र्याच्या सालीसारखा होतो. सपाट पत्र्यावर यातले काहीच दिसत नाही.

आरए मोजणे बंद करावे असा याचा अर्थ नाही. पत्रा लाटणाऱ्या रोलवरील टेक्स्चर (खडबडीत नक्षी) झिजत चालल्याची खूण म्हणून तो उपयुक्तच आहे. मात्र रिपोर्टवर आकड्याशेजारी कट-ऑफ लिहावा, नाहीतर पुरवठादाराने 2.5 वर मोजलेला 1.1 आरए आणि आपण 0.8 वर मोजलेला 0.9 यांवरून एकाच पत्र्यासाठी दोन बैठका होतात.