एवढ्याशानं काय होणार, मॅडम?

आज दुपारी बँकेतून घराचे मूळ कागद घेऊन आले. खरेदीखत, इंडेक्स टू, नो ड्यूजचं पत्र, सगळं एका पिवळट पडलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात. २०१३ ला त्यांच्या ताब्यात दिलेले, २०३३ ला परत मिळायचे होते, आठ वर्षं आधी मिळाले. रिक्षात बसल्या बसल्या फोटो काढून स्टेटसला टाकला, वर लिहिलं "कर्ज निल". चार बदाम आले, पाचसात अंगठे आले, आणि मग आमच्या भाच्यानं एक रील पाठवलं. त्यात कोट घातलेला एक मुलगा सांगतोय की होम लोन हे सगळ्यात स्वस्त कर्ज, ते मुदतीआधी फेडणारे लोक म्हणजे फायनान्शियली अडाणी. आणि खाली भाच्याचं स्वतःचं, "मावशी, टेक्निकली तू लॉस केलास", पुढे तो हसून रडणारा चेहरा.

टेक्निकली!

बरं, आता ऐकाच. ज्यांना माहितीये त्यांनी परत ऐका.

जून २०१४. कर्ज २५ लाखांचं, २० वर्षांचं, व्याज १०.२५ टक्के, हप्ता २४,५४१. वर्षभर एकही हप्ता न चुकवता भरलेला. मला ऑफिसात फरकाचे चाळीस हजार मिळाले होते आणि मी ते कर्जात भरायला बँकेत गेले. टेबलावरच्या साहेबांनी चेक बघितला, चष्म्यावरून मला बघितलं, आणि म्हणाले, "एवढ्याशानं काय होणार, मॅडम? मिस्टरांना विचारलंत का?" मी को-अप्लिकंट. प्रत्येक पानावर माझी सही आहे, आजच मोजून आलीये. पण नाही, मिस्टरांना विचारलंत का. वर ड्रॉवरमधून एका विमा पॉलिसीचा चकचकीत कागद काढून पुढे सरकवला, म्हणे चाळीस हजार यात टाका, फायद्यात राहाल. कोण फायद्यात राहणार होतं ते मला तेव्हाही कळत होतं.

आता त्या "एवढ्याशा"चं बघा. त्या पहिल्या वर्षात आम्ही बारा हप्ते मिळून २ लाख ९४ हजार भरले होते आणि मुद्दल किती उतरलं होतं? चाळीस हजार. बाकीचं सगळं व्याजात. पहिल्याच हप्त्यात २१,३५४ व्याज आणि ३,१८७ मुद्दल, स्टेटमेंटवर छापलेलं आहे, कुणालाही दाखवते. म्हणजे आम्ही दोघांनी वर्षभर मर मर मरून जेवढं मुद्दल हलवलं तेवढंच माझ्या त्या एका चेकनं एका दुपारी हललं. आणि साहेब म्हणतात एवढ्याशानं.

हे त्या रीलवाल्या पोरानं कधी अनुभवलंय का? त्याच्या मागं शेल्फवर पुस्तकं रंगानुसार लावलेली दिसतात, त्याला हप्ता असेल असं वाटत नाही. बँकेला तुम्ही वीस वर्षं व्याज देत राहायला हवे असता, पॉलिसीवाल्याला तुमचा चेक हवा असतो, आणि रीलवाल्याला तुम्ही खालच्या लिंकवरून खातं उघडायला हवं असतं. तुमचं कर्ज लवकर संपलं तर यातल्या एकाच्याही खिशात दमडी पडत नाही. मग सांगणार कोण?

आणि किस्सा तिथं संपत नाही. चेक घेतला साहेबांनी, पण स्लिपच्या मागं पेन्सिलनं २४,५४१ लिहिलं, खाली २४,१४२ लिहिलं, आणि हसून म्हणाले, "बघा, हप्ता ३९९ रुपयांनी कमी झाला." मी म्हटलं, हप्ता नका कमी करू, मुदत कमी करा. ते म्हणाले सिस्टिम असंच घेते. मी म्हटलं मग सिस्टिमला अर्ज देते, आणि काउंटरवर उभं राहून अर्ज लिहिला, दोन प्रती, एकीवर पोचपावतीचा शिक्का घेतला. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केल्यावर त्यावेळच्या व्याजदरानं शेपटाकडचे जवळजवळ अकरा हप्ते उडाले. अकरा! म्हणजे चाळीस हजार भरून मागचे अडीच लाखांच्या वरचे हप्ते गेले. ३९९ रुपये घेऊन घरी आले असते तर ते कुठल्या बिलात गेले ते कळलंही नसतं. म्हणून जे कुणी भरताय त्यांनी एवढं विचाराच, हप्ता कमी केलात की मुदत, आणि नवीन शेड्यूल, म्हणजे कुठल्या हप्त्यात किती व्याज नि किती मुद्दल त्याचा तक्ता, कागदावर मागा. आणि हे सुरुवातीच्या वर्षांत करा, कारण तेव्हा व्याज मुद्दलाला गिळत असतं, शेवटच्या दोन वर्षांत भरून फारसं काही हाती लागत नाही.

मुदतीआधी भरलं तर पेनल्टी लागते म्हणून अजून घाबरतात लोक. फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर बँकांना तो चार्ज लावायला रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बंदी केलीये. फिक्स्ड असेल तर मात्र कागद नीट वाचा.

ठीक आहे, आता भाच्याची बाजू. लांबच्या मुदतीत शेअर बाजारात कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त मिळू शकतं, मान्य. गणित त्याचं चूक नाही. पण "मिळू शकतं" आणि "वाचलं" या दोन क्रियापदांत जो फरक आहे तो रीलमध्ये ऐकू येत नाही. आणि खरं सांगा, जे लोक "कर्ज फेडण्यापेक्षा एसआयपी करा" (दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम टाका) म्हणतात त्यातल्या किती जणांनी ती एसआयपी बारा वर्षं बंद न करता चालवली? आमच्या ऑफिसात तरी बोनस आला की पहिला नंबर फोनचा, मग टीव्हीचा, एसआयपीचा विषय पुढच्या महिन्यात.

टॅक्सचं पण काढतात. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट आहे, हो आहे. पण तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तरी शंभर रुपये व्याज भरून टॅक्स वाचतो तीसेक रुपये. सत्तर गेलेच की! आणि नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तर राहत्या घराला ती वजावटही नाही. तरी लोक अभिमानानं सांगतात, कर्ज टॅक्ससाठी ठेवलंय.

माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी, तिनं २०२१ मध्ये ३० लाख घेतले ७ टक्क्यांनी, हप्ता २३ हजार २५९. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ४ टक्के होता, तो वाढत वाढत फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला, तिचं व्याज साडेनऊवर गेलं, हप्ता मात्र तोच. ती खूश. मी म्हटलं शेड्यूल काढ. काढलं तर तेवीस हजारांतले जेमतेम सातशे रुपये मुद्दलात जातायत आणि वीस वर्षांचं कर्ज पस्तीसच्या पुढं गेलंय. रिटायर झाल्यावरही हप्ता! बँकेचा एक एसएमएस आला होता म्हणे, ओटीपीच्या गर्दीत बघितला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दर बदलताना ग्राहकाला हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची की मध्ये पैसे भरायचे ते निवडू द्या. सांगितलं ते बरं केलं. पण निवडण्यासाठी आधी आपलं शेड्यूल उघडून बघावं लागतं ना.

आता जरा शांत झाले. चहा घेऊन परत बसलेय.

एक गोष्ट मलाच खटकते, ती पण लिहिते, नाहीतर भाचा लिहील. २०२० मध्ये नवऱ्याचा पगार निम्मा झाला तेव्हा हातात रोख फार नव्हती, कारण दरवर्षी जे येईल ते मी कर्जात कोंबत होते. आणि कर्जात भरलेला पैसा अडचणीला परत मागता येत नाही (ओव्हरड्राफ्टवालं घरकर्ज असेल तर काढता येतो, आमचं साधं होतं). रिझर्व्ह बँकेनं तेव्हा हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, आम्ही तीन महिने घेतली, आणि त्या तीन महिन्यांचं व्याज चढत राहिलं ते वेगळंच. तेव्हा रात्री झोप यायची नाही. नवरा एक शब्द बोलला नाही, पण बोलला असता तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. पाचसहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मग भरायला हवं होतं. चुकलं ते चुकलं. पुढच्या वर्षापासून तसं केलं.

पण चेक घेऊन गेले ते चुकलं असं मला कुणीही म्हणायचं नाही. टेक्निकली पण नाही.

आज कागद द्यायला बसलेली मुलगी माझ्या पोरीच्या वयाची होती. यादी वाचून एकेक कागद माझ्यासमोर ठेवला, सही घेतली. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद द्यायचे, उशीर झाला तर बँकेनं दिवसाला ५,००० रुपये द्यायचे असा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. मी तो पाठ करून गेले होते भांडायला, भांडायची वेळच आली नाही. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, हे पण तुमच्या फाइलमध्ये होतं," आणि माझा तो २०१४ चा अर्ज पुढे केला. माझंच अक्षर, उभं राहून लिहिलेलं, ओळी खाली उतरत गेलेल्या. मुदत कमी करावी ही विनंती. तिला कळेना मला रडू का आलं. मी म्हटलं एसी फार आहे.

तर आता सोसायटीच्या रजिस्टरमधून बँकेचं नाव काढायला अर्ज लिहायचाय. सेक्रेटरी रविवारीच सापडतात. नवरा विचारतोय पाकीट कपाटात ठेवू की लॉकरला, मी म्हटलं आजची रात्र टेबलावरच राहू दे.

आणि भाच्या, फोन कर. रागावले नाहीये. थोडी आहे.