वाडीचा डेटा कोण खातो?

महिन्याची वीस तारीख उलटली की आमच्या वाडीत बोलणी तुटक होतात. एरवी गडग्याला टेकून तास न् तास गजाली मारणारी माणसं येताजाता एकमेकांच्या खिडक्यांत डोकावू लागतात. कोणाच्या घरात रात्री अकरानंतर निळा उजेड दिसतो, कोणाचा टीव्ही किती इंची, कोणाकडे पाहुणे उतरलेत आणि त्या पाहुण्यांच्या पोरांच्या हातात काय आहे, सगळ्याची नोंद होते. कारण पंचवीस-सव्वीसच्या सुमारास आमचं इंटरनेट जातं. पूर्ण जात नाही, हीच अडचण. पूर्ण गेलं असतं तर सुतक पाळून मोकळे झालो असतो. ते धुगधुगी धरून राहतं, पडद्याच्या मधोमध चक्र फिरत राहतं, आणि वाडीतला प्रत्येक माणूस तेच विचारतो: डेटा खाल्ला कोणी?

आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला, सड्याच्या पोटात आहे. वाडी वसवताना पूर्वजांनी गोडं पाणी बघितलं, माडाला माती बघितली, वारा कुठून येतो ते बघितलं. रेंज कुठून येते ते बघायचं राहिलं. त्यामुळे वर सड्यावर, जिथे कातळ, करवंदं आणि गुरं, तिथे चार काड्या. आणि खाली, जिथे माणसं, तिथे शून्य. २०२० साली शाळा मोबाइलवर भरू लागली तेव्हा पोरं पावसात छत्र्या घेऊन सड्यावर बसायची. गुरं शेजारी चरायची. गणित दोघांना सारखंच समजलं.

पुढे वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत, विजेच्या खांबांवरून लोंबत लोंबत, फायबर आली. खाली यायला आणखी खांब लागतील आणि त्याचा खर्च तुम्हीच करा, असं कंपनीचा माणूस म्हणाला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून वाडीतल्या वडीलधाऱ्या अण्णांनी त्याला सोलकढी दिली आणि घाटी चढेपर्यंत सोबत केली.

तोडगा माझ्या पुतण्याने काढला. तो आयटीआय झालाय, म्हणजे वाडीत काहीही बिघडलं की त्यालाच हाक पडते. रस्त्याकडेच्या आमच्याच एका घरात जोडणी घ्यायची, त्याच्या गच्चीवरून हवेतून खाली आणायची, खाली एक डिश, तिथून घरोघर राउटर, आणि बिल वर्गणीने. आता अर्जावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ग्राहकाने आपल्या जागेबाहेर जोडणी देऊ नये. आम्ही सातबारा काढला. त्यावर माझ्या खापरपणजोबांपासून दुबईतल्या भाच्यापर्यंत इतकी नावं आहेत की अख्खी वाडी, दोन्ही विहिरी आणि वरचं रस्त्याकडेचं घर ही सगळी मिळून एकच जागा ठरते. "मिळकत अविभक्त आसा," अण्णा म्हणाले आणि सही केली. भावकीत दोन पिढ्या वाटप न होण्याचा हा आमच्या माहितीतला पहिला फायदा.

(ज्याला अविभक्त मिळकतीचं भाग्य नाही त्याच्यासाठी सरळ वाटही आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत साधा किराणा दुकानदारसुद्धा परवाना किंवा शुल्काशिवाय गिऱ्हाइकांना वायफाय देऊ शकतो. आमच्या दुकानदाराला विचारून बघितलं. तो म्हणाला, "तांदळाची उधारी अजून वसूल होवंक नाय, आता डेटाची वही खंय घालू?")

हवेतून न्यायला कायद्याची आडकाठी नाही. वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झमधला बराचसा भाग २०१८ पासून आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो. सरकारने हवा मोकळी केली. माड कोण मोकळे करणार? दोन डिशनी एकमेकींना बघावं लागतं, आणि तेही फटीतून बघून चालत नाही. दोघींच्या मधला, पोटात फुगलेला हवेचा एक पट्टा रिकामा लागतो. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात, हे मला पुतण्याने सांगितलं. पानातलं पाणी हे सिग्नल गिळून टाकतं, आणि जून ते सप्टेंबर कोकणात कोरडं पान औषधालाही मिळत नाही. २००७ साली व्हेनेझुएलात एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर ३८२ किलोमीटर वायफाय नेलं होतं. आमचं अंतर किलोमीटरभरही नाही. पण व्हेनेझुएलाच्या त्या डोंगरांच्या मधे मोठ्या काकीचा माड नव्हता.

"थोडी झावळां काढली तर?" पुतण्याने अदबीने विचारलं.

"माड माझ्या सासऱ्यान लावलो. तुमचो वायफाय नारळ देता काय?"

याला उत्तर नव्हतं. शेवटी डिश पाण्याच्या टाकीवर, एका लोखंडी पाइपावर चढली. माडाला वळसा घालून नाही, त्याच्या डोक्यावरून, वीतभर वरून. चालू करायच्या दिवशी रीतसर नारळ ठेवून अण्णांनी गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां एका जागी होवन तुका सांगणा करतत, तां मानून घी. वरच्या आवाटातली रेंज खालच्या आवाटात येवंदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "मधी कोणाचो माड आड इलो आसात, तर तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" यातल्या दुसऱ्या "व्हय म्हाराजा"ला काकीचा आवाज नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

आम्ही काही जगावेगळं केलं, असा समज वाडीत आहे. मी तो मोडत नाही, पण खरं सांगायचं तर स्पेनमध्ये कातालोनियातल्या ओसोना भागात कंपन्या फिरकेनात म्हणून गावकऱ्यांनी २००४ साली गुइफी नावाचं स्वतःचं जाळं विणायला घेतलं. आज त्यात तीस हजारांवर ठिकाणं जोडलेली आहेत. लांब कशाला, आपल्या कोकणातच, पालघर जिल्ह्यातल्या गावांत, आयआयटी मुंबईच्या मंडळींनी दूरदर्शनच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून दाखवलं. त्या लहरी झाडांना जुमानत नाहीत म्हणे. हे कळल्यापासून काकीच्या माडाकडे बघण्याची माझी नजर बदलली आहे. आणि धरमशालेला एअरजल्दी नावाचं असंच एक जाळं आहे. तिथली माणसं सांगतात की त्यांच्या अँटेनांना माकडं लोंबकळतात. हे वाचलं तेव्हा मला हिमाचल प्रदेश एकदम भावकीतला वाटला. आमच्या डिशवरही वांदर बसतात. टाकीवरून माडावर उडी मारायला मधे एक पायरी लागते, ती आम्ही करून दिली.

तर आता डेटा.

आमची योजना अमर्याद आहे. अमर्याद म्हणजे महिन्याला ३३०० जीबी. ते संपले की वेग कुठल्या कुठे उतरतो. याला फेअर युसेज पॉलिसी म्हणतात, वाडीत नुसतं "एफयुपी" म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसांना तो साथीच्या तापाचा प्रकार वाटतो. "लागलो काय रे एफयुपी?" असं माई दर महिन्याला विचारतात. ज्याला ब्रॉडबँड म्हणायचं त्याचा किमान वेग आपल्याकडे २००४ साली २५६ केबीपीएस होता, जानेवारी २०२३ पासून तो २ एमबीपीएस, म्हणजे २००० केबीपीएस, आहे. एफयुपी लागून वेग एवढ्यावर उतरला, तर २ एमबीपीएस एका माणसाला ठीक. आमच्या वीस घरांत वाटले की घरटी १०० केबीपीएस येतात. म्हणजे आम्ही मिळून २००४ च्याही मागे जातो.

पहिला संशय अर्थातच कॉलेजातल्या पोरांवर. रात्रभर बंदुका चालवतात, डेटा तेच खाणार. पोरांनी हिशोब मांडून दाखवला की खेळताना फारसा डेटा जातच नाही. हे खरं निघालं. खेळाची नवी आवृत्ती उतरवताना पन्नास-साठ जीबी सहज जातात हेही खरं निघालं, पण ते पोरांनी मांडलेल्या हिशोबात नव्हतं.

मग मालिकावाल्या वैनी. त्यांनी नवीन मोठा टीव्ही घेतला होता, आणि चांगल्या प्रतीच्या चित्राला तासाला तीन जीबी, फोर-केला सात जीबीपर्यंत जातात, हे वाडीत आता शाळेतलं पोरही सांगतं. पण वैनी म्हणाल्या, "दिसभर घरी बसून मीटिंगा करणाऱ्या सुनेक कोण काय बोलणा नाय, मी अर्धो तास टीव्ही बघलंय तर डोळ्यार येता!" सूनबाईंनी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असतो अशी ग्वाही दिली. चौकशी तिथेच थांबली, कारण दोन्ही बाजूंनी जुनी प्रकरणं बाहेर निघायला लागली होती.

तात्यांचं नाव घ्यायला कोणी धजत नव्हतं. तात्या पंच्याऐंशीचे. त्यांचा दावा, "आमी खंय डेटा खातंव, आमी पेज खातंव." पण तात्या रात्री यूट्यूबवर दशावतार लावून झोपतात. पहिला प्रयोग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, त्यात संकासुर नाचतो, राजा लढतो, आणि तात्या घोरतात. पहाटे कोंबडा आरवेपर्यंत प्रयोग चालतो. यावर त्यांना छेडलं तेव्हा ते म्हणाले, "दशावतार रातभरच असता." मुद्दा बिनतोड होता.

शेवटी मंडळाने पुतण्याला चौकशी अधिकारी नेमलं. त्याने राउटरच्या आत शिरून कुठल्या घराचा किती खप ते काढलं. पोरं नव्हेत, वैनी नव्हेत, तात्या तर कुठल्या कुठे. सगळ्यात जास्त डेटा जात होता खालच्या अंगाच्या बंद घरातून. त्या घराला मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूप असतं.

त्या रात्री वाडीत कोणी कंदील घेऊनसुद्धा त्या बाजूला गेलं नाही. गावची राखण करणाऱ्या देवचाराची वाट त्याच घराच्या मागून जाते, हे सगळ्यांना आठवलं. देवचार हातात काठी आणि पायात वहाणा घालून हद्दीत फिरतो हे लहानपणापासून ऐकलं होतं. तो वायफायला जोडला गेलाय हे नवीन. माई म्हणाल्या, "तेचो मान द्या, तो वाईट करूचो नाय." पण महिन्याला अडीच हजार जीबी हा जरा जास्तच मान होता.

सकाळी पुतण्या जाऊन बघून आला. वळचणीला चार कॅमेरे. घर डोंबिवलीच्या भाऊकाकांचं. गणपतीत आले तेव्हा बसवून गेले आणि राउटर चालू ठेवून गेले. चारही कॅमेरे दिवसरात्र चित्रण करून ते इंटरनेटवर चढवत होते. एका कॅमेऱ्याला २ एमबीपीएस, चारांना ८, आणि आठ मेगाबिटांचा एक मेगाबाइट होतो, म्हणजे दर सेकंदाला बरोबर एक एमबी. दिवसाचे सेकंद ८६,४००. दिवसाला ८६ जीबी, महिन्याला जवळजवळ २६०० जीबी. उरलेल्या ७०० जीबीत आम्ही जित्तीजागती माणसं गेले कित्येक महिने एकमेकांशी भांडत होतो.

रविवारी सभा झाली. भाऊकाका फोनवर, स्पीकर चालू, फोन तांब्याला टेकवून मधोमध ठेवलेला.

"भाऊ, अरे तू तिकडे, आणि डेटा हयलो खातंस?" अण्णांनी सुरुवात केली.

"मी वर्षाची वर्गणी आगाऊ भरली आहे," भाऊकाका म्हणाले. हेही खरं. "आणि इथे राहत नाही म्हणून काय मी वाडीतला नाही? सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या विहीर बघतो, अंगण बघतो. तुम्हाला काय, तुमच्या डोळ्यांसमोर आहे सगळं."

यावर कोणी काही बोललं नाही. खोडून काढता येईल असं त्यात काही नव्हतं. पुतण्याने मधला मार्ग सुचवला: हालचाल झाली तरच चित्रण होईल अशी सोय कॅमेऱ्यात असते, ती चालू करू. तशी ती केली. पुढच्या महिन्यात खप एक जीबीनेही कमी झाला नाही. भाऊकाकांच्या अंगणात सात माड आहेत आणि समोर खाडी. कॅमेऱ्याच्या लेखी प्रत्येक झावळ चोर होती.

पुन्हा सभा. या वेळी पुतण्या म्हणाला की चित्राची प्रत अगदी खालची ठेवली तर खप दहाव्या हिश्शावर येईल. भाऊकाकांनी जोरदार हरकत घेतली. "मग मला दिसणार काय? मागच्या बाजूचे दोन फणस गेलेत माझे. आता निदान कोण नेतंय ते तरी कळतं. परवाच मी बघितलं, माणूस ओळखीचाच..."

"ठराव मांडा," अण्णा घाईघाईने म्हणाले.

आमच्या मंडळात पाणपट्टीपासून पालखीच्या वाटेपर्यंत एकही ठराव कधी एकमताने झालेला नाही. हा झाला. पोरांचे हात वर, वैनींचा हात वर, सूनबाईंचा वर, तात्यांनी झोपेतून उठून दोन्ही वर केले. काकीनेही हात वर केला. चित्राची प्रत त्याच क्षणी, सभा चालू असतानाच, खालच्यात खालची करण्यात आली.

त्यानंतर महिना शेवटपर्यंत नेट टिकतंय. भाऊकाकांचा मात्र मागच्या आठवड्यात अण्णांना फोन आला. आम्ही चार जण तिथेच बसलो होतो.

"आणखी एक फणस गेला," ते म्हणाले. "कॅमेऱ्यात काहीतरी हलताना दिसतंय, पण माणूस आहे की वांदर, काही कळत नाही."

"वांदरच ते, भाऊ," अण्णा म्हणाले. "औंदा खूप झालेत."

"वांदर लुंगी नेसतं काय रे?"

"हॅलो? हॅलो? भाऊ, तुझो आवाज तुटता हा," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवून दिला.