जुळवून घ्यायचं ते पोरांनीच का?

आज आमच्या कॉलेजात सक्तीच्या हजेरीची कार्यशाळा झाली. विषय: सांस्कृतिक बुद्धिमत्ता आणि विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य. पाहुणे बाहेरून आलेले, बोलले चांगले, खोटं कशाला सांगू. ही कल्पना 2003 साली अर्ली आणि आंग या अभ्यासकांनी मांडली. परक्या रीतीभातीच्या माणसांत वावरताना आपण काय गृहीत धरतोय याचं भान, त्यांच्याबद्दलची माहिती, मिसळायची इच्छा आणि त्याप्रमाणं वागणं बदलता येणं, असं सगळं त्यात येतं. इथवर ठीक. मग जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं द्यायचं यावर बराच वेळ गेला. आमच्या पोरांना तालुक्याला जायला एसटी मिळंना, ते जपानला कार्ड देणार!

आणि शेवटी साहेब म्हणाले, ग्रामीण विद्यार्थ्यांत ही बुद्धिमत्ता कमी असते, म्हणून ते एकटे पडतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं.

आमच्या वरच्या खोलीत बीडकडच्या धारूर तालुक्यातलं एक पोरगं एमएस्सी करायला राहिलं होतं. मायबाप ऊसतोडीला. पोराचं निम्मं लहानपण आजीजवळ, निम्मं साखर कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. बेळगावकडं काढलेल्या हंगामांमुळं कानडी बोलायचा. टोळीच्या मुकादमाशी कसं बोलायचं, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या स्लिप बॉयला कसं पटवायचं, सगळं ठाऊक. शेजारी येमेनची दोन मुलं भाड्यानं राहायची. त्यांना बँकेत नेऊन फॉर्म भरून देणारा हाच, मंडईत भाव करून देणाराही हाच. याची बुद्धिमत्ता कमी? याच्याएवढी आमच्या अख्ख्या स्टाफरूमला नाही!

तरी ते पोरगं झुरलं. वर्गात पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून विचारलं, वडील काय करतात. हा म्हणाला, शेती. अर्धा एकर कोरडवाहू आहे, म्हणजे अगदी खोटंही नाही. पण ते एकदा बोलल्यावर पुढं सगळंच झाकत बसावं लागलं. माय पहाटे तीनला, फडात जायच्या आधी फोन करायची, कारण दिवसा तिला सवडच नसे. हा गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलायचा. मग आठच्या तासाला डुलकी. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, रात्री काय दिवे लावतोस? वर्ग हसला. त्यानंतर आधी तास बुडायला लागले, मग जेवण.

समुपदेशनालाही पाठवलं होतं त्याला. फॉर्मवर पहिला प्रश्न, तुमचे छंद कोणते. दुसरा, सुट्टीत कुटुंबासोबत कुठं जाता. त्यानं लिहिलं, सांगली जिल्हा. अहो, कुटुंबासोबत ऊस तोडायला जातो तो! तपासणाऱ्याला ती सहल वाटली.

शहरातल्या पोरांनाही ताण असतो, मान्य. आणि समुपदेशनाचं काम ज्या मॅडमच्या गळ्यात पडलंय त्यांच्याकडंच एनएसएस आणि नॅकच्या फायलीही आहेत, त्यांना तरी किती बोलणार. 2025 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा. आमच्याकडं त्याचं परिपत्रक आलं आणि फाइलला लागलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुळवून घ्यायचा सगळा भार आलेल्यावर का? जे आधीपासून ऐसपैस बसलेत त्यांनी जरा सरकायला काय होतं? याच शहरात, संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद), 1950 साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढलं ते कुणासाठी? ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं त्यांच्यासाठीच ना? आणि आज आपण त्याच घरांतल्या पोरांना सांगतोय, तुमच्यातच काहीतरी कमी आहे!

ते ऊसतोडीवाल्यांचं पोरगं आमच्याकडं होतं त्या साली दिवाळीत मेस बंद झाली, खोल्या रिकाम्या झाल्या, हा मात्र इथंच. मी विचारलं, गावाकडं का नाही गेलास रे? म्हणाला, "काकू, घराला कुलूप हाय. सगळे कारखान्यावर गेलेत. जाऊन कुणाला भेटू?" मग आठवडाभर जेवायला खाली आला. बोलायला लागला की थांबायचा नाही. कोपी कशी बांधतात ते त्यानं माझ्या लेकाला काड्यापेटीच्या काड्यांनी करून दाखवलं. दोघं जमिनीवर पालथे पडून, अन् मी पोळ्या करतेय. बरं वाटलं होतं. पण एका घरात एक पोरगं जेवून काय होतंय?

आता दसरा झालाय, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्यात. आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या ताईंशी बोलले आहे. दिवाळीचा आठवडा मेस दोन्ही वेळा चालू राहील, पैसे कुणी विचारणार नाही आणि घरी का गेला नाहीस हेही नाही. ज्वारी आणि तेल लागेल. भाकरी थापायला संध्याकाळी दोघी-तिघी आल्या तर बरं होईल. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा. फोटो काढायला येणाऱ्यांनी येऊ नये. आणि कुणाच्या वर्गात एखादं पोर गप्प गप्प झालेलं दिसलं तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पण आधी ते जेवलंय का विचारा.