नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर

26 नोव्हेंबर 2023 ला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे फिरले. आमच्या एका ग्रुपवर एकाने लगेच विचारलं, "हा गाऊन कशाला घातलाय? सूट कुठे गेला?" खोडसाळपणा नव्हता त्यात, त्याला खरंच प्रश्न पडला होता. चौकाचौकात बोट वर करून उभे असलेले बाबासाहेब आपल्याला इतके सवयीचे झालेत की गळ्यात पांढरे बँड आणि अंगात वकिलाचा गाऊन घातलेले बाबासाहेब बघितले की आपण गडबडतो.

मला तो पुतळा आवडला. उलट सत्तर वर्षं उशिरा बसला असंच माझं म्हणणं आहे. भाषणात आपण अर्थतज्ज्ञ म्हणतो, समाजशास्त्रज्ञ म्हणतो, घटनाकार म्हणतो, नावाआधी बॅरिस्टर लावतो. पण या माणसाने वकिली केली म्हणजे नेमकं काय केलं, कुठल्या कोर्टात केली, कुणाची केसपेपरं घेतली, हे विचारा. फार कमी लोक सांगू शकतील. आणि मी तालुका कोर्टात दिवाणी कामं करणारा माणूस असल्यामुळे मला नेमकं तेच बघायचं असतं. वर शीर्षकात नाव आहे ती केस म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा दावा, तिच्याकडे पुढे येतोच.

लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून ते 1922 साली बॅरिस्टर झाले. 1923 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू करायची तर सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, पैसे भरायला हवेत, आणि ते पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने मदत केली. म्हणजे कोलंबियाची डॉक्टरेट, लंडनची पदवी, आणि सनद उधारीवर.

पुढची अडचण पैशांपेक्षा मोठी होती. त्या काळच्या मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होत तिथे, अशील थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे. आधी सॉलिसिटर. तो कागद तयार करणार, ब्रीफ म्हणजे केसची फाइल बांधणार आणि आपल्या पसंतीच्या बॅरिस्टरकडे पाठवणार. खरा पैसा त्या बाजूला, व्यापाऱ्यांच्या आणि कंपन्यांच्या भांडणांत. सॉलिसिटरांच्या त्या दुनियेत महाराच्या मुलाला ब्रीफ कोण पाठवणार? गुणवत्तेचा प्रश्नच तिथे येत नव्हता, दारच दुसऱ्याच्या हातात होतं. मग राहिली अपेलेट साइड, म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांतून वर येणारी अपिलं, आणि जिल्ह्याजिल्ह्यातली कोर्टं. परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांचं ऑफिस होतं. तिथे येणारी माणसं गिरणीतली आणि गावाकडची. फीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पोटासाठी जोडीला शिकवण्या होत्या. बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1935 पासून तीनेक वर्षं तिथले प्राचार्य.

बाररूममध्ये कधी विषय निघाला की एखादा सीनियर म्हणतो, "बाबासाहेबांची प्रॅक्टिस तशी चालली नाही हो." ज्या मापाने आपण एकमेकांना मोजतो त्या मापाने खरंच आहे ते. जिना, भुलाभाई देसाई यांच्यासारख्या बड्या वकिलांच्या कमाईजवळ ते कधी गेले नाहीत. एक तर सुरुवातीला दार बंद, आणि दार जरा उघडतंय तोवर माणूस लंडनला गोलमेज परिषदेत. वकिली ही सवत सहन न करणारी बाई आहे असं आमच्यात गमतीने म्हणतात. बाबासाहेबांच्या आयुष्यात सवतीच सवती होत्या.

पण त्यांनी कुणाची वकीलपत्रं घेतली ते बघा. 1926 मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर वगैरे मंडळींवर बदनामीचा खटला झाला. टिळक-चिपळूणकरांवर जहरी भाषेत लिहिलेलं ते पुस्तक, आणि खटला पुण्यात, म्हणजे हवा कशी असेल विचार करा. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि आरोपी सुटले. आठेक वर्षांनी, 1934 साली, र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक अश्लीलतेच्या आरोपाखाली कोर्टात आलं. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तरं छापली, एवढाच गुन्हा. महर्षींचा मुलगा असूनही त्यांच्या बाजूने उभं राहायला पांढरपेशी मुंबई काही धावली नाही. बाबासाहेब उभे राहिले. केस हरले, कर्व्यांना दंड झाला. आज तो अंक वाचला तर त्यात अश्लील काय होतं हे शोधायला भिंग लागेल. एकीकडे ब्राह्मणेतर चळवळीतले तिखट लेखक, दुसरीकडे एकांडा ब्राह्मण संपादक. जात बघून वकीलपत्र घेणाऱ्या आजच्या काही मंडळींनी ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून टेबलावर ठेवावीत.

आता ज्या केससाठी ही पोस्ट लिहायला घेतली तिच्याकडे येतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. 20 मार्च 1927, ओंजळीने पाणी पिणं, नंतर झालेली मारहाण, गोमूत्र-शेणाने तळ्याचं 'शुद्धीकरण', आणि 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. कोर्टात ती डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि पुढे नऊ वर्षांहून जास्त चालली.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला होता की सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. त्याला धरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. मार्चच्या सत्याग्रहानंतर, 1927 च्या ऑगस्टमध्ये, त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. मग बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं जाहीर केलं.

आता तारखा बघा. वकील असाल तर लगेच ओठ मुडपाल. सत्याग्रह 25 डिसेंबरला. अस्पृश्यांना तळ्यावर यायला मनाई करा म्हणून महाडच्या सवर्णांचा दावा दाखल झाला 12 डिसेंबरला, महाडच्या दिवाणी कोर्टात. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला 14 डिसेंबरला. दोन दिवसांत, समोरच्याचं म्हणणं न ऐकता. कार्यक्रमाच्या तोंडावर दावा टाकायचा, एकतर्फी मनाई मिळवायची आणि मूळ दावा मग वर्षानुवर्षं रखडला तरी बिघडत नाही, हा डाव आजही प्रत्येक तालुक्यात रोज खेळला जातो. कुंपणाच्या भांडणात खेळला जातो, सोसायटीच्या निवडणुकीत खेळला जातो. महाडात तो पाण्यासाठी खेळला गेला. बाबासाहेब, त्यांचे सहकारी शिवतरकर आणि इतर काही जण प्रतिवादी, तेही अख्ख्या अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे तर घरातून ओढून आणून पायरीवर उभं केलं होतं.

आणि हा हुकूम बाबासाहेबांनी पाळला. हजारो माणसं महाडला जमलेली. परिषदेसाठी कुणी हिंदू जागा देईना म्हणून फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिलेल्या जागेवर मांडव उभा. तुरुंगात जायला तयार आहोत म्हणून नावं नोंदवून झालेली. सत्याग्रह करायचाच असा ठरावही झालेला. कलेक्टर येऊन समजूत घालून गेला. शेवटी बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की सत्याग्रह तूर्त स्थगित करू. लोक तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून परत आले, पाण्याला हात न लावता.

माझा एक मित्र यावर माझ्याशी कायम भांडतो. त्याचं म्हणणं, तिथेच हुकूम मोडायला हवा होता. तुमच्या कायद्याच्या शिस्तीपायी पाणी कुणाचं लांबलं? माझं म्हणणं वेगळं आहे. बाबासाहेबांचा सगळा दावाच असा होता की कायदा आमच्या बाजूने आहे आणि सवर्ण तो मोडतायत. कोर्टाचा हुकूम त्या दिवशी मोडला असता तर ही बाजूच उलटी झाली असती, सरकारला लाठी चालवायला निमित्त मिळालं असतं आणि सनदेचंही काही सांगता आलं नसतं. मनुस्मृती जाळायला कुठल्याही कोर्टाची मनाई नव्हती, ती जाळली. मनाई होती ते थांबवलं. हा फरक वकिलालाच सुचतो. तरी मित्राच्या पाण्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही हे मान्य करतो. ज्यांच्या घरात पाणी नव्हतं त्यांना फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई हुकूम उठला याचं कौतुक किती असणार?

मूळ दाव्याचा निकाल महाडच्या कोर्टाने दिला 1931 च्या जूनमध्ये. वादी हरले. ते ठाण्याला अपिलात गेले, 1933 च्या जानेवारीत तिथेही हरले. मग हायकोर्टात दुसरं अपील, तिथे अपील करणाऱ्यांत नाव नरहरी दामोदर वैद्य यांचं. मधल्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, हिंदू म्हणून मरणार नाही ही येवल्याची घोषणा झाली. देशाच्या राजकारणात या माणसाची जागा पार बदलून गेली आणि तिकडे तो आपला प्रतिवादीच्या रकान्यात. 17 मार्च 1937 ला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. हे ब्रूमफिल्ड म्हणजे तेच, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. योगायोग म्हणून सांगतो, त्यातून काही काढायचं नाही.

निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण निकाल लागला कशावर? कोर्टाने असं म्हटलं का, की माणसाला पाण्यावरून हाकलणं चूक आहे? नाही. प्रश्न होता तो रूढीचा. तळं नगरपालिकेकडचं. तिथे अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी आहे असं वाद्यांचं म्हणणं. कायद्याने रूढी मान्य व्हायची तर ती अनादी काळापासून अखंड चालत आलेली हवी, आणि ते वाद्यांना सिद्ध करता आलं नाही. बस. पुरावा कमी पडला म्हणून तळं खुलं झालं.

आमच्यासारख्या वहिवाटीचे दावे चालवणाऱ्या माणसाला हे वाचून घाम फुटतो. कारण याचा उलटा अर्थ सरळ आहे. उद्या दुसऱ्या गावच्या दुसऱ्या तळ्यावर कुणी जुने दस्त आणि चार म्हातारे साक्षीदार घेऊन उभा राहिला आणि रूढी सिद्ध करून गेला, तर? तर तोच कायदा त्याला मनाई हुकूम देईल, कायमचा. महाडला जिंकलो, पण कायद्यात जिंकलो नाही. हे बाबासाहेबांना कळलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यांच्याइतकं जवळून ते कुणालाच कळणार नव्हतं.

म्हणून मी राज्यघटना उघडतो तेव्हा काही कलमं मला महाडच्या केसची फाइल शेजारी ठेवून लिहिल्यासारखी वाटतात. घटना एका हाताने लिहिलेली नाही, समित्या होत्या, दुरुस्त्या होत्या, चर्चा होत्या, ते मला माहीत आहे. पण वाचून तर बघा. कलम 13 मध्ये 'कायदा' या शब्दात काय काय येतं याची यादी आहे, आणि त्या यादीत रूढी आणि परिपाठ आहेत. मूलभूत हक्काशी विसंगत असेल तर रूढी जुनी असो वा नवी, सिद्ध होवो वा न होवो, रद्द. महाडपासून ब्रूमफिल्डसाहेबांपर्यंत ज्या प्रश्नावर नऊ वर्षं गेली तो प्रश्नच निकालात निघाला. कलम 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घेऊन सांगितलंय, आणि 'राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या' ही भाषा थेट बोले ठरावाची आठवण करून देते. राज्यघटनेसारख्या भारदस्त दस्तऐवजात तलावाचं काय काम? ज्याच्यावर तलावासाठी दावा झाला होता त्याला विचारा. मग 17, अस्पृश्यता नष्ट. आणि 32, ज्याला ते घटना समितीत घटनेचा आत्मा म्हणाले. हक्क दिला पण तो मागायला कोर्टाचं दार दिलं नाही तर हक्काला अर्थ नाही, हे सॉलिसिटरच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात त्यांनी घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह आणि कायदेभंग सोडून द्या असं सांगितलं, त्यावरूनही लोक त्यांना बोल लावतात. महाडच्या मांडवात जे केलं ते बघितलं असेल तर त्यात नवल काही नाही. अट मात्र विसरू नका: मार्ग उपलब्ध असताना. पुढे कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा त्यांनी 1951 मध्ये राजीनामा दिला आणि बाहेर पडले. ती गोष्ट मोठी आहे, तिच्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

आता तक्रार. लॉच्या पोरांना केशवानंद भारती, म्हणजे घटनादुरुस्तीला मर्यादा घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, पाठ असतो, बेंचवर तेरा न्यायाधीश होते, सात विरुद्ध सहा, सगळं तोंडावर. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर हे नाव मी ज्युनियर मुलांना विचारतो तेव्हा ती माझ्याकडे मी प्रश्न चुकीचा विचारला असं बघतात. महाराष्ट्रातल्या कोर्टातून उठलेली केस, रूढी, पुरावा, मनाई हुकूम, प्रतिनिधिक दावा, दुसरं अपील, सगळं एका निकालात शिकवता येईल. निकालपत्र लहान आहे, एका बैठकीत वाचून होतं. पुढच्या 14 एप्रिलला आमच्या बारमध्ये हार घालून झाल्यावर अर्धा तास ते वाचायचं असा प्रस्ताव मी अध्यक्षांकडे दिलाय. त्यांनी "बघू" म्हटलंय. बारमध्ये "बघू"चा अर्थ काय होतो ते वकिलांना सांगायला नको, म्हणून इथे लिहून ठेवतोय. आणखी चार जणांनी अर्ज दिले तर बरं होईल.