रुतलेली गाडी आणि भाड्याची क्रेन : वास्कोच्या वाचकांना उत्तर

वास्कोचे वाचकमित्र,

सप्रेम नमस्कार. लष्करातली रुतलेली, कलंडलेली गाडी ओढून काढण्याची कामं कंत्राटावर देऊ नयेत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि काहीसं रागावून लिहिलंत. दोन ओळींत आभार मानून बाजूला ठेवावं असं ते लिखाण नाही, म्हणून सवडीनं उत्तर देतो आहे.

इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जवानाचं काम लढण्याचं आहे, त्याला झाडू-भांडी आणि गाड्या ओढण्यात अडकवणं म्हणजे माणूस आणि पैसा दोन्ही वाया घालवणं. अनमोड घाटात लष्कराचा ट्रक कलंडला तर फोंड्याची क्रेन दोन तासांत पोचते, लष्कराची स्वतःची गाडी यायला दिवस जातो. युक्रेनमध्ये तर शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून रणगाडे ओढून नेले. खाणी बंद पडल्यावर क्रेनवाल्यांना मिळू शकणाऱ्या कामावर मी पाय देतो आहे. मनोहर पर्रीकरांनी दाखवलेल्या वाटेला एक गोंयकारच आडवा येतो, याचं तुम्हाला दुःख झालं. आणि ब्रिटनबद्दल मी चुकीचं लिहिलं, हे तुम्ही दाखवून दिलंत.

पर्रीकरांपासून सुरुवात करतो, कारण ते वाक्य मला लागलं. लष्कराची लढाऊ ताकद वाढवून खर्चाचा मेळ कसा घालावा हे सुचवणारी शेकटकर समिती त्यांनी संरक्षणमंत्री असताना २०१६ साली नेमली. तिच्या ६५ शिफारशी केंद्रानं ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य केल्या, तोवर ते मुख्यमंत्री म्हणून गोव्यात परतले होते. त्या निर्णयात सुमारे ५७ हजार पदं होती, अधिकाऱ्यांपासून नागरी कर्मचाऱ्यांपर्यंत. या माणसांना घरी पाठवायचं नव्हतं, मागच्या कामांतून काढून लढणाऱ्या फळीला बळ द्यायचं होतं. हा हेतू मला तेव्हाही पटला होता. मिलिटरी फार्मचंच बघा. पहिला फार्म १८८९ साली अलाहाबादला निघाला, तेव्हा छावणीला खात्रीचं दूध मिळण्याची दुसरी सोय नव्हती. २०२१ मध्ये फार्म बंद झाले, तेव्हा दूध देणाऱ्या डेअऱ्या देशभर होत्या. गायी राखायला जवान कशाला हवा? बागकाम, मेसची साफसफाई, इमारतींची रंगरंगोटी ही कामं बांबोळीच्या सिग्नल केंद्रात किंवा दाबोळीच्या नौदल तळावर कंत्राटदारानं केली, तर माझी काहीच हरकत नाही. मूळ लेखातही नव्हती.

माझी हरकत त्याच निर्णयातल्या एका कलमावर आहे, दुरुस्तीच्या साखळीच्या फेररचनेवर. त्यात खडकीसारखी बेस वर्कशॉप येतात, तशी फील्ड आर्मीची, म्हणजे लढणाऱ्या सैन्याची, स्टेशन वर्कशॉपही येतात. बेस वर्कशॉप हा कारखाना आहे. तिथं रणगाडा नटबोल्टपर्यंत उघडून पुन्हा उभा करतात. मालकी सरकारची आणि चालवणारा कंत्राटदार, अशी कल्पना तिथं मांडली गेली आहे. त्यावर वाद घालता येईल, पण कारखाना निदान कुंपणाच्या आत असतो, आणि काम बिघडलं तर ते तिथंच दिसतं. रुतलेली गाडी कुठल्याच कुंपणात नसते.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या दलात, सतरा वर्षं रिकव्हरी मेकॅनिक, म्हणजे अडकलेल्या गाड्या काढणारा, होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, क्रेन आणली, हूक अडकवला, ओढलं, संपलं. आमच्या कामातला ढोबळ हिशेब सांगतो. गाडी चाकाच्या हबपर्यंत रुतली, तर तिच्या वजनाएवढी ओढ लागते. मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. रणगाडा टरेटपर्यंत, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजापर्यंत, गेला तर तिप्पट. टी-७२ रणगाड्याचं वजन ४१ टनांच्या आसपास. तो मडगार्डपर्यंत चिखलात असेल तर ८० टनांहून जास्त ओढ हवी. साध्या विंचमध्ये, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रात, एवढी ताकद नसते. मग पुल्या लावून दोर दोन-तीनदा फिरवायचा, म्हणजे तेवढ्याच विंचनं काम निघतं, फक्त वेळ वाढतो. आधार कशाचा घ्यायचा, हा पुढचा प्रश्न. झाड असेल तर त्याची मुळं किती खोल आहेत? नसेल तर ओंडका जमिनीत आडवा गाडायचा, पण किती खोल, कुठल्या कोनात? आणि हे सगळं शत्रूला दिसू नये म्हणून काळोखात, हातानं चाचपडत करायचं. ताणलेला वायर रोप तुटला तर चाबकासारखा परत येतो. तो कुठं येईल हे आधी ओळखून माणसं बाजूला उभी करायची.

हे वर्गात शिकवतात. मलाही भोपाळला शिकवलं. पण हाताला ते आलं शांततेच्या काळातल्या साध्यासुध्या कामांतून. पावसात शेतात गेलेला स्टॅलियन ट्रक, नाल्यात एक चाक लटकलेला पाण्याचा टँकर, वळणावर कलंडलेला ट्रेलर. अशी शंभरेक कामं केल्यावर जमीन कळायला लागते. आपल्याकडचा जांभ्याचा तांबडा चिखल आणि खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, काळा गाळ यांत गाडी एकाच तऱ्हेनं रुतत नाही, हे कुठल्या पुस्तकानं मला सांगितलं नाही.

माझ्या लेखाचा सगळा जीव एवढ्यातच आहे. अनमोड घाटातला तो कलंडलेला ट्रक तुम्हाला खर्च वाटतो, मला ती शाळा वाटते. शांततेतली सगळी ओढाओढ फोंड्याच्या क्रेनला दिली, तर हिशेबाच्या वहीत पैसे वाचलेले दिसतील. दहा वर्षांनी युनिटमध्ये रिकव्हरी मेकॅनिक असेल, त्याच्या बाहीवर पट्ट्या असतील, गाडीही नवी असेल. पण त्यानं आपल्या हातानं अडकलेली गाडी कितीदा काढली असेल? ज्या रात्री क्रेनवाला येणार नाही, त्या रात्री तो पहिल्यांदा शिकायला बसेल.

दोन तासांत येणाऱ्या क्रेनबद्दल. ती येते, हे खरं. हमरस्त्यावर रिकामा ट्रक बंद पडला असेल आणि वाहतूक तुंबली असेल, तर जरूर बोलवा. पण मी त्या बाजूलाही राहिलो आहे. निवृत्त होऊन डिचोलीला परतल्यावर तीन वर्षं मी खाणपट्ट्यातल्या एका क्रेनमालकाकडे काम केलं. त्यांचं नाव घेत नाही. दोराच्या तारा ठिकठिकाणी तुटलेल्या होत्या. मी दोनदा सांगितलं, दोर बदला. एवढा पावसाळा जाऊ दे, असं उत्तर मिळालं. श्रावणात एका रात्री गटारात गेलेला टिप्पर काढताना तो दोर तुटला आणि आमच्या हेल्परच्या गुडघ्यावर बसला. बाविशीतला पोर, कामासाठी गदगहून आलेला. त्याला आम्ही बांबोळीच्या इस्पितळात नेलं. पाय वाचला, पण तो परत शिडी चढू शकला नाही. दोन महिन्यांचा पगार हातात घेऊन गावी गेला. त्या रात्री मी काम थांबवायला हवं होतं, आणि थांबवलं नाही. हे ओझं माझ्या मनावरून अजून उतरलेलं नाही.

मालक दुष्ट नव्हते. त्यांना पैसे गाडीमागे मिळत होते, थांबून दोर तपासण्याचे मिळत नव्हते. वर्दीत असताना मी सुभेदारसाहेबांना सांगू शकत होतो, की साहेब, या दोरानं मी ओढणार नाही. माझा पगार कापला जात नव्हता. दोराच्या तपासणीची नोंद होत होती, आणि सही कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. कंत्राटात हे लिहून घेता येतं असं तुम्ही म्हणाल. लिहून घेता येतं, पण सगळ्यात कमी दर भरणाऱ्यालाच काम जातं, तिथं पहिली काटछाट दोरावर आणि हेल्परवर होते.

युक्रेनचे ट्रॅक्टर तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून आणलेत, पण ती चित्रं पुन्हा बघा. २०२२ च्या त्या चिखलातले रशियन रणगाडे शेतकऱ्यांच्या हाती का लागले? त्यांना काढायला त्यांच्या स्वतःच्या सैन्यातलं कोणी आलं नाही म्हणून. आपल्याकडे १९६५ मध्ये असल उत्तरला तेच घडलं. पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले, मागून कोणी ओढलं नाही, आणि नंतर भिखीविंडला आपण त्यांचं पॅटननगर उभं केलं. रुतलेला रणगाडा ज्याला आधी काढता येतो, त्याचाच तो होतो.

नागरी माणूस भित्रा असतो, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. त्याच १९६५ मध्ये पंजाबच्या ट्रकचालकांनी आघाडीपर्यंत दारूगोळा पोचवला. सियाचीनला पोर्टर आजही पाठीवर सामान नेतात. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटननं व्यापारी जहाजं कामाला घेतली. त्यातलं अटलांटिक कन्व्हेयर क्षेपणास्त्र लागून गेलं, १२ माणसं गेली, कप्तानही गेला. ज्या गोव्यात घराघरांत तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारी माणसं, आहेत, तिथं हे वेगळं समजावून सांगायला नको. माझा प्रश्न अशा माणसाच्या मागे कोण उभं राहतं, हा आहे. जुलै २००४ मध्ये कुवेतच्या वाहतूक कंपनीकडे नोकरीला असलेले तीन भारतीय ट्रकचालक इराकमध्ये पळवले गेले. ते १ सप्टेंबरला सुटले. ते सैनिक नव्हते, त्यांच्यामागे पलटण नव्हती. सहा आठवडे त्यांच्या घरच्यांनी कोणाकडे बघायचं होतं? गल्फमध्ये ज्यांचं कोणी आहे, त्यांनी ते दिवस टीव्हीसमोर कसे काढले हे मला आठवतं.

आता खाणींचं. २०१२ मध्ये एकदा आणि २०१८ मध्ये पुन्हा, डिचोली-सत्तरीपासून सांगे-कुडचड्यापर्यंत ट्रक अंगणात उभे राहून गंजताना मी पाहिले आहेत. कर्ज काढून टिप्पर घेतलेली माझ्या शेजारची घरं मला माहीत आहेत. त्यांना काम मिळू नये असं मला वाटेल तरी कसं? पण क्रेनमालकाला वर्षभराचं कंत्राट मिळालं, म्हणून हेल्परच्या हाती काही पडतं असं नाही. उपाय वेगळा आहे, आणि तो तुम्हीच मला सुचवलात.

मी लिहिलं होतं की ब्रिटनचे रणगाडे वाहून नेणारे ट्रेलर साधे खासगी चालक चालवतात. तुम्ही दुरुस्त केलंत, ते बरोबर आहे. २००१ च्या त्या कंत्राटात कंपनीच्या चालकांना राखीव सैनिक म्हणून भरती केलं होतं. एरवी ते कंपनीची माणसं, मोहिमेवर गेले की अंगावर वर्दी, हुद्दा आणि सैन्याचाच कायदा. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. प्रादेशिक सेनेत रेल्वेच्या आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची पथकं याच तत्त्वावर उभी राहिली. मग खाणपट्ट्यातल्या क्रेनचालकांचं, हेल्परांचं असं एक पथक का नसावं? वर्षातून काही आठवडे त्यांनी जवानांबरोबर चिखलात उतरावं, दोर कधी टाकून द्यायचा ते शिकावं, जवानांनी त्यांच्याकडून आपला घाट शिकावा. पाय गेला तर त्याची जबाबदारी सरकारवर राहील. युनिटमधला रिकव्हरी विभाग मात्र जसा आहे तसाच ठेवून हे करावं. तो कमी करण्याला माझा विरोध कायम आहे.

मूळ लेखातलं ब्रिटनबद्दलचं वाक्य आज सकाळी बदललं आहे, आणि ती दुरुस्ती वास्कोच्या एका वाचकानं सुचवली, असं खाली नमूद केलं आहे.